सरकारमान्य बिऱ्हाड

महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं. झोपायला गादी, स्वयंपाकाला ओटा आणि कोपऱ्यात शौचालय असलेली गाडी घ्यायची, राज्यभर हिंडायचं, रात्री कॅराव्हॅन पार्कात मुक्काम टाकायचा. नोंदणी केलेल्या उद्योजकांना मुद्रांक शुल्कात, वीज शुल्कात सवलत. हे सगळं ऐन कोविडात. माणसांना घराबाहेर पडायची चोरी होती, म्हणून सरकारनं घरच बाहेर काढलं.

कोकण, महाबळेश्वर, ताडोबा हे सगळ्यांचं करून झालं. चोखंदळ पर्यटकाला आता 'ऑफबीट' काहीतरी हवं असतं. ऑफबीट म्हणजे जिथं बाकीचे जात नाहीत. बाकीचे का जात नाहीत, हे विचारायचं नसतं.

तर घ्या मार्ग. पुणे, अहिल्यानगर, जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई, लातूर. महिना फाल्गुन. वर्ष मात्र दुष्काळी निवडा. फार शोधावं लागणार नाही. २०१२, २०१५, २०१८, २०२३.

जवळजवळ लीप वर्षाइतकंच नेमानं येतं.

निघताना गाडीची टाकी भरून घ्या. अशा गाडीत शंभर-सव्वाशे लिटर पाणी सहज मावतं. माणसं धरा चार. आता दुष्काळातला सरकारी हिशोब पाहा. टँकरवरच्या गावाला माणशी, दिवसाला २० लिटर. चौघांचे झाले ८०. म्हणजे दुष्काळी मुलखात शिरतानाच तुमची गाडी त्या भागातली पाण्यानं सधन वस्ती ठरते. यात फ्लशचं पाणी धरलेलं नाही.

गावाच्या २० लिटरांतही ते धरलेलं नाही. संडास मात्र अनुदानातून घरोघरी झालेत.

पहिला थांबा सौताडा. विंचरणा नदीवरचा धबधबा आणि खाली रामेश्वराचं देऊळ. पावसाळ्यात इथं पाय ठेवायला जागा नसते. फाल्गुनात धबधबा रजेवर असतो. कातळ नीट पाहता येतो, सेल्फीत अनोळखी डोकी येत नाहीत, पार्किंग मोकळं. दुष्काळानं पर्यटनाचं नुकसान होतं असं कोण म्हणतं?

शेजारीच नायगावचं मयूर अभयारण्य. कोरड्या वर्षी जंगलातल्या पाणवठ्यांतही टँकरच ओतावा लागतो. मोराला निदान आधार कार्ड लागत नाही.

पुढची गावं शांत वाटतील. फारच शांत. पारावर चार म्हातारे, दारात एखादी आजी, घरांना कुलपं. 'काय निवांत गाव आहे!' असं म्हणून फोटो टाकायचा मोह होईल. आवरा. गाव निवांत नाही, गावात गाव नाही. धडधाकट माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला गेली. पोरं कुणी सोबत गेली, कुणी हंगामी वसतिगृहात राहिली.

शाळेच्या भिंतीवर 'शिक्षणाच्या आईचा घो' लिहिलेलं नसतं, एवढंच.

आता टँकर. तो बघायचाच. तो दारोदार पाणी वाटत हिंडतो, असा शहरात समज आहे. प्रत्यक्षात बऱ्याच गावांत तो गावच्या विहिरीत ओततात. जाड पाईप काठावरून आत सोडला, की चारी बाजूंनी दोर पडतात. पाणी तळाला टेकायच्या आत बादल्या त्याच्यावर आपटतात. गाळ ढवळून निघतो आणि वर येतं ते चहाच्या रंगाचं. घरी नेऊन निवळायला ठेवायचं. तुरटी असली तर फिरवायची. तोवर चालक खेपांच्या वहीवर गावची सही घेऊन पुढच्या खेपेला निघालेला असतो. टँकरला जीपीएस लावायचा सरकारी दंडक आहे. टँकर या क्षणी कुठं आहे, हे उपग्रहाला कळतं.

गावाला अजून आवाजावरूनच कळतं.

रस्त्यात आणखी एक गाडी दिसेल. किंबहुना दोन, एकामागून एक. पुढच्या गाडीवर आडवा टाकलेला लोखंडी मनोरा, मागचीवर रॉड, केसिंग पाईप, डिझेलची पिंपं, तांदळाचं पोतं आणि त्यावर ताडपत्री ओढून झोपलेली माणसं. नंबर बहुधा टीएनचा. तमिळनाडूत तिरुचेंगोडे नावाचं एक गाव आहे. बोअरच्या गाड्यांसाठी ते देशभर ओळखलं जातं. आपल्याकडं ढग गेले, की तिथले एजंट आले. हवामान खात्याला आपला अंदाज तपासायचा असेल, तर टोलनाक्यावर टीएनच्या पाट्या मोजाव्यात.

पॉइंट पाणाड्या काढतो. तळहातावर नारळ, तो उभा राहिला की पाणी. मग गाडी लागते. दोनशे फूट, तीनशे फूट. पांढरा फुफाटा उडतो, अंगणातली तुळस पांढरी, म्हशी पांढऱ्या, मालकाचा चेहरा आधीच पांढरा. पाचशे, सातशे. भाव फुटावर ठरलेला. पाणी लागो न लागो, बिल फुटाचं.

निकाल लागला नाही तरी पैसे चुकते, असा हा एकच खासगी धंदा. सरकारी बरेच आहेत.

आणि हो, राज्याला भूजलाचा कायदाही आहे. ६० मीटरच्या खाली, म्हणजे साधारण २०० फुटांच्या खाली, शेतीला किंवा कारखान्याला बोअर घ्यायची त्यात बंदी आहे. बोअरची गाडी २०० फुटांपर्यंत जेमतेम तापते.

मुक्कामाला कॅराव्हॅन पार्क सापडला नाही, तर चारा छावणी गाठा. ती २०१९ सारख्या वर्षी नक्की सापडते. उसाच्या पाचटाची सावली, दावणीला जनावरं, शेजारी बाज, बाजेवर घरातला कर्ता माणूस. दिवसभर चारा-पाणी बघायचं आणि रात्री तिथंच पडायचं. घर गावात, माणूस छावणीत. उघड्यावरचा मुक्काम, चांदण्यांचं छत, अस्सल ग्रामीण अनुभव. शहरात याला 'ग्लॅम्पिंग' म्हणून पैसे मोजतात. इथं शासन जनावरामागं अनुदान देतं.

माणसामागं नाही. माणूस जनावराचा पाहुणा.

पुढं धनेगावचं मांजरा धरण. लातूरचं पाणी इथून जातं. २०१६ साली ते इतकं आटलं, की लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी लावावी लागलेलं हे शहर. तेव्हा या भागात पर्यटकांची काय रीघ लागली होती! मंत्री आले, त्यांनी मांजरेच्या पात्रात सेल्फी काढले. हेलिकॉप्टर उतरायच्या जागी धूळ बसावी म्हणून दहा हजार लिटर पाणी मारल्याच्या बातम्या आल्या. आयपीएलचे सामने उच्च न्यायालयानं राज्याबाहेर घालवले. म्हणजे जे मैदान पाहायला आले असते तेवढेच हुकले.

केंद्रीय पथक तर दर दुष्काळात येतं. पीक करपून गेल्यावर, रान नांगरून झाल्यावर, कधी दिवस मावळल्यावर. शेतकरी ढेकूळ उचलून दाखवतो, पथक मान हलवतं, ताफा हलतो. कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ साली आलं म्हणतात.

पर्यटन आधीपासूनच होतं. फक्त गाडीत गादी नव्हती.

आता लातूरच्या वाटेवर डोळे चोळून पाहा. दोन्ही बाजूंना हिरवंगार. दुष्काळ संपला का? छे, ऊस लागला. राज्याच्या पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा चारेक टक्के, सिंचनाच्या पाण्यात मात्र साठ-सत्तर टक्के, असं कृषिमूल्य आयोगाचे आकडे सांगतात. किलोभर साखरेमागं दोन हजार लिटरहून जास्त पाणी. तुमच्या कॅराव्हॅनच्या चहात दोन चमचे साखर पडते ना? टाकीतलं पाणी जपून वापरा, असं पाहुण्यांना बजावताना ते दोन चमचे लक्षात असू द्या.

हा ऊस कोण तोडतो? ज्या गावांत मघाशी कुलपं पाहिली, तिथली माणसं. पाऊस नाही म्हणून पाणी नाही, पाणी नाही म्हणून पीक नाही, पीक नाही म्हणून ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली. आणि उचल फेडायला चालले कुठं? राज्यातलं सगळ्यात जास्त पाणी पिणारं पीक तोडायला.

याला नियोजन म्हणतात. आपल्याकडं फक्त त्याच्या प्रत्येक टप्प्याचं खातं वेगळं असतं.

या माणसांची गाडी एकदा जवळून बघाच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधड्यांची गाठोडी, पत्र्याची पेटी, ज्वारीची पोती, चुलीसाठी काटक्या. एका कोपऱ्यात टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या. बाजूला बांधलेली शेळी. मध्ये कोयत्यांचा भारा आणि त्यावर बसलेली पोरं. झोपायची सोय आहे, स्वयंपाकाची सोय आहे, पाळीव प्राणी सोबत आहेत. कुटुंबासह सहा महिने मुक्काम. कारखान्याच्या तळावर पाचटाची कोपी बांधली की झाला कॅराव्हॅन पार्क.

वीज नाही. शौचालय नाही. म्हणूनच धोरणात बसत नाही.

असंच एक बिऱ्हाड घोड्यावरून जातं. धनगरांचा वाडा. घोड्याच्या पाठीवर घोंगडी, भांडी, वर बांधलेलं कोंबडं आणि बऱ्याचदा एखादं तान्हं. मेंढ्यांच्या मागं चाऱ्यासाठी शेकडो किलोमीटर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते हे. दुष्काळी मुलखात घर चालवत नाहीत, घर चालतं. पिढ्यानपिढ्या चालतंय. त्यासाठी कुणी जीआर काढला नाही. मुद्रांक शुल्क माफ केलं नाही.

कोपीला लागतंच कुठं मुद्रांक शुल्क!

आता व्यवहाराचं बोलू. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, टनाला साधारण ३६६ रुपये. टन म्हणजे तोडायचा, सोलायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून फळीवर चढून गाडीत भरायचा. तुमच्या कॅराव्हॅनचं एका रात्रीचं भाडं काढा आणि त्याला या दरानं भागा. उत्तर टनांत येईल. ते नवरा-बायकोच्या जोडीनं वाटून घ्यायचं असतं. जोडीला 'एक कोयता' म्हणतात.

दोन माणसं मिळून एक अवजार. यंत्राला तरी देखभालीचा करार असतो.

म्हणून एक साधी मागणी. ऊसतोडीच्या ट्रॉल्या आणि धनगरांचे घोडे याच धोरणाखाली नोंदवून घ्या. जागोजागचे पार्क त्यांना खुले करा. वीज, पाणी, संडास, पोरांसाठी एक वर्ग, बाईमाणसासाठी एक दवाखाना. नवं काही मागत नाही. जे पर्यटकाला चार दिवसांसाठी द्यायला सरकार तयार आहे, ते मजुराला सहा महिने द्या.

उत्तर ठाऊक आहे. 'हे पर्यटनाच्या व्याख्येत बसत नाही. कामगार खात्याकडं जा.' कामगार खातं म्हणेल साखर आयुक्तांकडं जा. साखर आयुक्त म्हणतील कारखान्याकडं. कारखाना म्हणेल, आमचा करार मुकादमाशी. मुकादम म्हणेल, आधी उचल फेडा.

एवढं हिंडवूनही याला प्रवास भत्ता नाही.

असो. तुम्ही निघा. टाकी भरली? गादीवर चादर घातली? उत्तम. फक्त रात्री गाडी चालवणं टाळा. उसाच्या ट्रॉलीला मागं बहुधा दिवा नसतो, रिफ्लेक्टरही नसतो. बऱ्याचदा तो बसवलाच जात नाही, जणू मागून पाहणारा कुणी असेल असं कुणाला वाटलंच नाही.