जोन्सकाकांचा पत्ता

कार्डिफमध्ये डोळे मिटून खडा मारला तर तो एखाद्या जोन्सला लागतो, म्हणून आमच्या या शेजाऱ्यांना मी जोन्सकाका म्हणणार आहे. त्यांची उभी हयात पोस्टात गेली. पत्ता अर्धवट असो, अक्षर डॉक्टरचं असो, शाई पावसानं पसरलेली असो, पत्र बरोबर दारात पडायचं. असा माणूस निवृत्त झाला, चार दिवस निवांत बसला आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्या खापरपणजोबांचा पत्ता काही आपल्याला माहीत नाही.

तेव्हापासून काका ते घर शोधताहेत. घर आता नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. कार्डिगनशायरच्या डोंगरात कुठेतरी होतं, त्याला टिन-अ-कॉइड म्हणत, आणि तिथून घराणं पोटापाण्यासाठी ऱ्होंडाच्या कोळसाखाणीत उतरलं, एवढंच घरात तोंडी चालत आलेलं. टिन-अ-कॉइड म्हणजे रानातलं घर. वेल्समध्ये जिथे म्हणून चार झाडं होती, तिथे या नावाचं एक घर होतंच. गावाचं नाव विचारावं तर लानफिहांगेल, म्हणजे सेंट मायकेलच्या चर्चचं गाव. त्यांचाही सुकाळ आहे.

काकांच्या खिशात नेहमी टोक काढलेल्या पेन्सिली असतात. अभिलेखागारात पेन चालत नाही. शाईचा एक थेंब दीडशे वर्षांच्या कागदावर पडला तर काय घ्या! नियम तिथला, पण काकांनी तो घरी आणला. आमच्या मुलीच्या वाढदिवसाच्या कार्डावरही ते पेन्सिलीनंच सही करतात.

त्यांची दोन वाक्यं ठरलेली. काकूंनी जेवायला हाक मारली की, “आत्ता, एका मिनिटात.” असं दक्षिण वेल्समध्ये सगळेच म्हणतात आणि कुणीच लगेच उठत नाही. पण काकांचं मिनिट १८४१ साली सुरू होतं आणि सूप निवेपर्यंत जेमतेम १८७१ला पोचतं. दुसरं वाक्य, “पुरावा काय?” दूध संपलंय असं सांगितलं तरी.

१८४१ची जनगणना हा त्यांचा पहिला वैरी. त्या वर्षी पंधराच्या पुढच्या माणसांची वयं पाचाच्या पाढ्यात खाली ओढून लिहायची असा हुकूम होता. एकोणतीस वर्षांचा माणूस पंचवीसचा झाला. दहा वर्षांनी तोच माणूस एकोणचाळीसचा निघाल्यावर काकांनी त्याला तोतया ठरवून वहीतून काढून टाकला. पुढे नियम कळला, तेव्हा त्याची रीतसर माफी मागून पुन्हा घरात घेतला. शिवाय त्या वर्षीच्या कागदात माणूस याच परगण्यात जन्मला की नाही, एवढंच. नेमकं कुठलं गाव, ते लिहायला सुरुवात झाली १८५१ साली. काकांना १८५१ची जनगणना फार आवडते. सज्जन जनगणना, म्हणतात.

नावांचा घोळ तर विचारू नका. खेड्यापाड्यांतून बापाचं नाव हेच मुलाचं आडनाव ही रीत एकोणिसावं शतक उजाडलं तरी बऱ्याच ठिकाणी चालू होती. जॉनचा मुलगा तो जोन्स, डेव्हिडचा तो डेव्हिस. त्यामुळे काकांच्या खापरपणजोबांचं नाव इव्हान जोन्स, त्यांचे वडील जॉन डेव्हिस आणि आजोबा डेव्हिड इव्हान्स. एका घरात तीन पिढ्या, तीन आडनावं. मग माणसं ओळखायची कशी? घरावरून. पोस्टमनलाही इव्हान जोन्स सांगून भागत नसे, टिन-अ-कॉइडचा इव्हान सांगावं लागे. काही थडग्यांवर आजही माणसाच्या नावाखाली शेतघराचं नाव कोरलेलं दिसतं. घर हरवलं की माणूसच हरवतो, ही काकांची अडचण आहे, आणि ती खरी आहे.

त्यावरचा काकांचा उपाय जेवणाच्या टेबलावर चालतो. जनगणनेचा कारकून पायी हिंडायचा, आणि ज्या क्रमानं घरं लागली त्याच क्रमानं लिहीत जायचा. तेव्हा त्याची वाट सापडली की घर सापडलं. काका नकाशा पसरतात. मीठदाणी म्हणजे चॅपल, मिरपूड म्हणजे गिरणी, मोहरीची बाटली म्हणजे वरच्या अंगाचं मोठं शेतघर. या तिघांमधून ते बोट चालवत नेतात आणि ओढा आला की थांबतात. कारकुनानं इथे बूट काढले असतील का? काढले असतील तर तो पलीकडे आधी गेला असेल की परतताना? एवढ्यात काकू मीठ मागतात आणि चॅपल उठून जातं.

१८५१ सालचा तो सगळा डोंगर काकांना तोंडपाठ आहे. कुणाकडे मोलकरीण होती, कुणाच्या घरात आंधळी सासू होती, शिंपी कुठे राहायचा. आमच्या समोरच्या घरात राहायला आलेल्या माणसांची नावं मात्र त्यांना अजून सांगता येत नाहीत.

माझी आणि त्यांची मैत्री जमली ती टाइद नकाशांमुळे. पूर्वी पिकाचा दहावा हिस्सा चर्चला धान्यात, लोकरीत द्यावा लागे. १८३६च्या कायद्यानं त्याचे पैसे ठरवायचे झाले, आणि त्यासाठी गावोगावची जमीन मोजून नकाशे आणि याद्या केल्या. मालक कोण, कसतो कोण, शेताचा क्रमांक, नाव, पीक की गवत, क्षेत्र किती, देणं किती. वेल्सचे हे नकाशे अबेरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं इंटरनेटवर फुकट ठेवलेत. काकांनी ती यादी दाखवली आणि मी म्हणालो, “अहो, हा तर सातबारा!” मग दोन तास सातबारा समजावण्यात गेले.

यादीत क्षेत्र होतं १२ एकर, २ रूड, १४ पर्च. चाळीस पर्चचा रूड, चार रूडचा एकर. मी कागद ओढला आणि हिशेब केला: बारा एकर साडेतेवीस गुंठे. काका चमकले. गुंठा म्हणजे काय? तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट, चाळिसांचा एकर. त्यांनी पेन्सिल ओली केली, आकडे मांडले, आणि चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. एक गुंठा म्हणजे बरोबर चार पर्च! कमी नाही, जास्त नाही. “ड्यू, ड्यू,” असं देवाचं नाव त्यांनी दोनदा घेतलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या घराण्यातला झालो. आता ते सगळ्यांना क्षेत्र गुंठ्यांत सांगतात आणि अभिलेखागारातली मंडळी माझ्या नावानं खडे फोडत असणार.

शेतांची नावं तर पत्त्याहून बोलकी. लहान शेत, लांबचं शेत, ओलं रान, आणि एक ‘घराखालचं शेत’. त्यावर काकांचा तर्क असा, की शेत घराखाली असेल तर घर शेताच्या वर असणार. ऐकायला बाळबोध वाटतं, पण असल्याच तर्कानं ते डोंगराच्या नेमक्या उतारावर पोचले. तिथलं घर त्यांना शेवटी दिसलं ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मोजणी खात्याच्या जुन्या मोठ्या नकाशात, आणि तेही स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर. कारण वेल्सचेही जुने नकाशे तिथे फार छान बघायला मिळतात. घर वेल्सचं आणि सापडलं स्कॉटलंडात, हे काका चारचौघांत सांगत नाहीत. कार्डिफहून अबेरिस्टविथला रेल्वेनं जायचं तर इंग्लंडातल्या श्रूसबरीवरून वळसा घालावा लागतो, याचा त्यांना आधीच पुरेसा राग आहे. त्या जुन्या नकाशांपैकी एकावर घराचा चौकोन भरलेला आहे, नंतरच्या नकाशावर पोकळ, त्यानंतर नुसती झाडं.

घर मोडलं कसं, याचा कुठेच उल्लेख नाही. काकांना याचं खरं दुःख. कापेल केलिन हे गाव १९६५ साली लिव्हरपूलच्या पाण्यासाठी बुडवलं, त्याचे फोटो आहेत, मोर्चे आहेत. १९४० साली लष्करानं एपिंटच्या डोंगरावरची ५४ घरं रिकामी केली, त्यांची नावानिशी यादी आहे. काकांचं घर कुणी बुडवलं नाही, कुणी बळकावलं नाही. शेवटच्या माणसानं दार ओढून घेतलं आणि तो खाणीच्या गावाला गेला. असल्या घराची बातमी कोण छापणार?

ही पोकळी काका कल्पनेनं भरतात. जुनी समजूत अशी, की सामाईक माळावर सूर्यास्तानंतर घर बांधायला घ्यावं, उजाडायच्या आत धुराड्यातून धूर निघाला की घर आपलं. आणि दारात उभं राहून कुऱ्हाड फेकावी, ती पडेल तिथवर जमीन आपली. आपल्या पूर्वजांनी असंच केलं, असं काका छातीठोक सांगतात. काकू विणकामातून मान वर न करता विचारतात, “बारा एकर? केवढी कुऱ्हाड ती! पुरावा काय?”

गेल्या उन्हाळ्यात आम्हां सगळ्यांना त्यांनी तिथे नेलं. वनखात्यानं लावलेली सिट्का स्प्रूसची काळोखी रांग, खाली चिखल, वर पाऊस. काका पुढे, खाजकुयलीच्या भावंडासारख्या त्या नेटलच्या झुडपांत शिरलेले. जिथे माणसं आणि गुरं पिढ्यान्‌पिढ्या राहिली तिथल्या मातीत फॉस्फेट साठतं आणि नेटल माजते, म्हणून काकांना ती दिसली की आनंद होतो. मधे एक सिकॅमोरचं झाड आणि गुडघाभर उंचीचा भिंतीचा कोपरा. काकांनी टेप काढला, लांबी-रुंदी घेतली, क्षेत्र गुंठ्यांत सांगितलं. मग म्हणाले, “दार इथे होतं. बुटकं होतं, तेव्हा वाकून या.” आणि नसलेल्या दारातून आम्ही सगळे वाकून आत गेलो, काकूसुद्धा. चुलीच्या जागेवर कुणी बसू नये अशी सूचना झाली. सँडविचं माजघरात खाल्ली.

परतताना काकांना कोपऱ्यावरून आणखी एक चौथरा दिसला. तिथेही झाड, तिथेही नेटल, आणि तोही एका शेताच्या वरच. गाडीत कुणी बोललं नाही. रात्री काकांनी फोन केला: दोन्हींपैकी आपलं कुठलं?

आता मदार उरली आहे ती कौटुंबिक बायबलवर. वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यू पहिल्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवायची चाल होती, आणि इव्हान जोन्सचं बायबल कुणा मुलीबरोबर सासरी गेलं असावं असा काकांचा कयास आहे. तेव्हा वेल्समध्ये राहणाऱ्या वाचकांना विनंती, की जुन्या बाजारात किंवा सासरच्या माळ्यावर असं वेल्श बायबल दिसलं आणि आत ‘टिन-अ-कॉइड’ वाचता आलं, तर जरूर कळवा. काका स्वतः येतील. पेन्सिल त्यांच्याकडे असते, पण जेवायचं तेवढं आधीच उरकून घ्या.