मिस्टर मूळपुरुषे

इंग्लंडात माणूस निवृत्त झाला की गुलाबांच्या नादी लागतो, कुत्र्याच्या, नाहीतर पूर्वजांच्या. पहिल्या दोघांशी कुंपणावरून हवापाण्याचं बोलून सुटता येतं. तिसरा घरात बोलावतो.

रेडिंगला आमच्या गल्लीत असे एक गृहस्थ आहेत. खरं नाव कशाला घ्या. आम्ही मराठी मंडळी आपसात त्यांना मूळपुरुषे म्हणतो. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं असतं: दाखले, फोटो, पॅरिशचे नकाशे आणि या सगळ्यांखाली कुठंतरी चष्मा. बायको बिचारी स्वयंपाकघरात उभ्यानं जेवते.

"हा माझा विल्यम," असं ते इतक्या मायेनं म्हणतात की नातवाचा फोटो दिसणार म्हणून आपण पुढं वाकावं. दिसते ती १८४१ च्या जनगणनेतली एक ओळ. वय चाळीस, धंदा शेतमजूर. "चाळीसवर विश्वास ठेवू नका हं," ते बजावतात. त्या जनगणनेत पंधराच्या वरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहायची रीत होती, म्हणजे विल्यम चव्वेचाळीसचाही असेल. या चार वर्षांसाठी त्यांनी एक अख्खा हिवाळा घालवला.

१८३७ च्या जुलैपासून जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली, तिथवर गाडी रुळावरून धावते. त्यामागं चर्चच्या वह्या. त्या ठेवायचा हुकूम थॉमस क्रॉमवेलनं १५३८ साली काढला. पण ओल, उंदीर आणि आळशी पाद्री यांच्या तावडीतून सुटलं तेवढंच हाती लागतं. त्यात मूळपुरुष्यांना काय सापडलं? शेतमजुराचा बाप शेतमजूर, त्याचा बाप शेतमजूर. एका पिढीत गाडीवान निघाला, त्या दिवशी त्यांनी शेरीची बाटली फोडली. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. शेतमजुरांच्या कुळाला मात्र कोणी मनाई केलेली नाही.

त्यांच्या आयुष्यातलं खरं सुतक १९३१ चं. त्या वर्षीच्या जनगणनेचे कागद १९४२ च्या डिसेंबरात आगीत गेले. युद्ध चालू होतं, पण आग जर्मन बॉम्बची नव्हे, साधीच, आणि हेच त्यांना सोसत नाही. १९४१ ची जनगणना युद्धामुळं झालीच नाही. जनगणनेचे कागद शंभर वर्षं कुलपात ठेवतात. १९२१ चे २०२२ च्या जानेवारीत उघडले. म्हणजे आता थेट १९५१ चे, २०५२ साली. तोवर मूळपुरुषे शंभरी ओलांडतील. म्हणून त्यांनी लोणी सोडलंय.

मग त्यांनी डीएनए चाचणीसाठी नळीत थुंकून पाठवलं आणि ऑस्ट्रेलियात एक बहीण निघाली. सहा पिढ्यांमागं फुटलेल्या फांदीची, पण बहीण. विल्यमच्या भावानं मेंढी चोरली होती. १८३२ पर्यंत इंग्लंडात त्याला फाशी होती, पण पुष्कळांना ती माफ करून काळ्या पाण्यावर धाडत. १७८८ ते १८६८ या काळात दीड लाखावर कैदी असे ऑस्ट्रेलियात उतरवले. एके काळी तिथली घराणी हे लपवत. आता फ्रेम करून दिवाणखान्यात लावतात. बाई विमानानं आल्या, दारातच त्यांनी मिठी मारली. मूळपुरुष्यांनी हस्तांदोलनासाठी पुढं केलेला हात मध्येच चेंगरला. आठवडाभर बाई चोराच्या गोष्टी सांगत राहिल्या आणि यांचा चेहरा पडत गेला.

"तो तिचा सरळ रेषेतला," नंतर ते मला म्हणाले. "माझा नुसता विल्यमचा भाऊ. विल्यमनं निदान एखादी कोंबडी तरी..."

त्यांना धीर यावा म्हणून मी आमचा कुलवृत्तांत नेऊन दाखवला. मूळ पुरुष कोकणातून घाटावर आले, एक पेशव्यांच्या पदरी, एक संस्थानात दिवाण, तीन मामलेदार. त्र्यंबकेश्वरला गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी वही काढतात आणि पणजोबांची सही समोर येते, हेही सांगितलं. वहीचं ऐकून त्यांचे डोळे चमकले, पण कुलवृत्तांत मिटताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एकही चोर नाही?" मामलेदार काय काय करत, हे त्यांना ठाऊक नसावं. मीही बोललो नाही.

जगभरच्या आतेचुलत भावंडांना नाताळची कार्डं धाडणाऱ्या या माणसाचा सख्खा भाऊ दोन थांबे पलीकडं राहतो. आई गेली तेव्हा तिचं उभं घड्याळ त्यानं नेलं, तेव्हापासून अबोला. परवा मूळपुरुष्यांना नवीनच शास्त्र कळलं: भावंडांत आईचा वारसा सारखा वाटला जात नाही, एकाला न मिळालेला तुकडा दुसऱ्याकडं असू शकतो. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. "घड्याळ नेलंच, आता आईचे डीएनएसुद्धा त्याच्याकडंच!"

शेवटी घराण्यासाठी मान खाली घातली. रिकामी नळी, परतीचं पाकीट आणि चार ओळींची विनंती भावाला धाडली. आठवड्यात उत्तर आलं: "तुझ्या नावानं थुंकायला मी केव्हाही एका पायावर तयार आहे. नळी पाठवायची गरज नव्हती."

मूळपुरुष्यांनी चिठ्ठी बाजूला सारली आणि नळी खिडकीशी धरून पाहिली. "बरोबर खुणेच्या रेषेपर्यंत भरलीय," ते म्हणाले, आणि लेबल शोधायला लागले.