नाकाने सोललेले कांदे

परदेशी पदार्थ खायला धाडस लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या आत्याबरोबर प्रवास केलेला नाही. आत्या मालवणची. तिचं वय विचारलेलं तिला चालत नाही, पण तिच्या लहानपणी मुंबईला बोटीने जायचे, एवढ्यावरून अंदाज करावा. तिच्या लेखी जगात पदार्थ दोनच प्रकारचे असतात, ताजे आणि शिळे. देश, धर्म, पासपोर्ट वगैरे गोष्टी तिच्या ताटापर्यंत पोचत नाहीत.

माझं तसं नाही. मी वाचणारा माणूस. घास तोंडात घालण्याआधी मी त्याची माहिती काढतो आणि माहिती पूर्ण होईतो माझी भूक गेलेली असते.

परदेशी जाणाऱ्या मराठी माणसांमध्ये दोन पंथ आहेत. पहिला पंथ टूरबरोबर जातो. त्याला आल्प्सच्या पायथ्याशी पिठलं-भाकरी मिळते आणि परत आल्यावर तो स्वित्झर्लंडच्या हवेचं कौतुक करतो, कारण तेवढी एकच गोष्ट त्याने तिथली पोटात घेतलेली असते. हा पंथ निरुपद्रवी आहे. दुसऱ्या पंथाचं ब्रीद ‘आम्ही लोकल खातो’. ही मंडळी बँकॉकच्या खाओ सान रोडवर काडीला टोचलेला तळलेला विंचू हातात धरून फोटो काढतात. ईशान्य थायलंडचा शेतकरी तळलेले नाकतोडे आणि रातकिडे आवडीने खातो, हे खरं. काडीवरचा विंचू मात्र मुख्यतः पर्यटकांसाठीच तळलेला असतो. विक्रेत्यांनाही हे इतकं पाठ झालंय, की काही जण नुसत्या फोटोचे वेगळे पैसे घेतात. विंचवापेक्षा त्याच्या फोटोला गिऱ्हाईक जास्त.

मी या दोहोंच्या मधला. म्हणजे खायचंही असतं आणि कुणीतरी आधी खाऊन दाखवावं असंही वाटतं. म्हणून सिंगापूरला भाच्याकडे जाताना आत्याला बरोबर घेतलं.

सिंगापूरच्या मेट्रोत एक सुप्रसिद्ध पाटी आहे. धूम्रपान केल्यास 1000 डॉलर दंड, खाल्लं-प्यायलं तर 500, ज्वालाग्राही पदार्थ आणल्यास 5000. त्याच ओळीत काटेरी ड्यूरियनचं चित्र, त्यावर लाल काट, आणि दंडाचा आकडाच नाही. ज्वालाग्राही पदार्थालाही किंमत ठरते आणि फळाला ठरत नाही, म्हणजे ते आणणाऱ्याचं जे काही करत असतील ते पाटीवर लिहिण्याजोगं नसावं. मी तिथेच अर्धा गार झालो. आत्या म्हणाली, “कापूक देतंत मा?”

गेलांग नावाच्या भागात ड्यूरियनची दुकानं आहेत. रस्त्यालगत टेबलं, टेबलावर कागदी रुमालांचे डबे आणि प्लास्टिकचे हातमोजे. फळवाली जाड मोजे घालून सुरीच्या टोकाने फळाची शिवण उसवते आणि ते फाकवून समोर ठेवते. भाच्याने ‘मुसांग किंग’ मागवला. हा मलेशियाचा नामांकित वाण, आणि तो किलोने विकला जातो. मात्र वजनात काटे, साल आणि आठळ्या सगळं येतं. आठळीचे पैसे मोजताना मराठी मन कसं पिळवटतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

मग वास आला. त्यात कांदा होता, गॅस गळत असल्याची शंका होती, आणि या सगळ्याच्या मागून कुठून तरी बासुंदी येत होती. हा खेळ गंधकाच्या संयुगांचा. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा मोठा निसर्गशास्त्रज्ञ, पण मलाक्कात पहिल्यांदा फळ समोर आलं तेव्हा वास सहन न होऊन त्यानेही ते टाळलं होतं. पुढे बोर्निओत पिकून पडलेलं फळ त्याने उघड्यावर खाल्लं आणि तो असा भक्त झाला, की आपल्या 1869च्या प्रवासग्रंथात, केवळ या फळासाठी पूर्वेकडे यावं, असं त्याने लिहून ठेवलं. हे सगळं मी आत्याला सांगत होतो. सांगत असताना श्वास घ्यावा लागत नाही.

आत्याने मोजे बाजूला सारले, गरा उचलला, तोंडात टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. “ह्येका काय घाबरतंस? बरको फणस तो!”

मी म्हटलं, “आत्या, शास्त्राप्रमाणे हा फणसाचा कुणी नाही. याचं कूळ कापूस, जास्वंद आणि भेंडीचं.”

“मगे बुळबुळीत कित्याक नाय?” आत्याने विचारलं आणि दुसरा गरा घेतला.

दुकानाच्या मागे फळवालीची आई बसली होती. ती उठून आली. आत्याला मालवणी आणि तिला चिनी. मधल्या मध्ये तिची मुलगी आणि माझा भाचा इंग्रजीतून दुभाषेगिरी करत होते. म्हातारीने सांगितलं, ड्यूरियन उष्ण, म्हणून त्यावर मँगोस्टीन खावं, ते थंड. दारू अजिबात घेऊ नये. आणि सालीच्या वाटीत पाणी घालून प्यावं, म्हणजे तोंडाचा वास जातो. आत्याने तिन्ही गोष्टी कबूल केल्या आणि बदल्यात फणसावर विडा खाऊ नये, जिवावर बेततं, असं सांगितलं. म्हातारीने मान डोलावली. दोन देशांमधला इतका बिनबोभाट करार मी पाहिलेला नाही. कुणीही कुणाकडे पुरावा मागितला नाही.

आता मला खाणं भाग होतं. जिभेवर आलं ते मऊ, गोड, दाट आणि शेवटी किंचित कडू. नाक तक्रार करत होतं आणि जीभ पुढचा गरा मागत होती. एकाच चेहऱ्यावर इतकी वर्षं शेजारी राहूनही या दोघांचं आपसात काहीच बोलणं नसावं, याचं मला नवल वाटलं. परतताना भाच्याने एक कायदेशीर प्रश्न काढला. मेट्रोत ड्यूरियन न्यायला बंदी आहे, पण पोटात असेल तर? त्याच वेळी आत्याने एक ढेकर दिली. आम्ही चालत घरी गेलो.

भेंडीचा विषय निघालाच आहे तर जपानकडे वळू. भेंडीची तार मोडणं हे मराठी स्वयंपाकघराचं पिढ्यान्‌पिढ्यांचं व्रत आहे. धुऊन कोरडी पुसायची, मग चिरायची, परतताना झाकण ठेवायचं नाही, आमसूल घालायचं. सासूने सुनेची परीक्षा ज्यावर घ्यावी अशा भाज्यांत भेंडी वरच्या क्रमांकावर. आणि तिकडे जपानी माणूस भेंडी उकडतो, बारीक चिरतो, तार निघेपर्यंत घोटतो आणि ती ज्यात घालतो तो पदार्थ तिच्यापेक्षाही तारेचा. त्याचं नाव नात्तो.

नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. पूर्वी शिजवलेले दाणे भाताच्या पेंढ्यात गुंडाळून उबेला ठेवत. पेंढ्यातल्या जिवाणूंनी उरलेलं काम करायचं. आता कारखान्यात तेच जिवाणू शुद्ध स्वरूपात घालतात आणि पांढऱ्या थर्मोकोलच्या डबीत नात्तो घरी येतो, सोबत मोहरीची आणि सॉसची पुडी. टोकियोच्या ईशान्येचं मितो हे शहर त्यासाठी प्रसिद्ध. ओसाकाकडचे पुष्कळ लोक त्याच्या वाटेलाही जात नाहीत. म्हणजे आपल्या बोंबलासारखंच, एकाच देशात दोन मतं.

टोकियोत मुलीच्या घरी राहायला गेलो, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी मला नात्तो घोटायला शिकवलं. चॉपस्टिकने ढवळत राहायचं, मग पांढरा फेस येतो आणि तारा सुटतात. जितकं ढवळावं तितकी चव येते म्हणतात. रोसान्जिन नावाचा एक विख्यात कुंभार आणि खवय्या होऊन गेला. तो नात्तो 424 वेळा ढवळायचा, असं सांगतात. पुरुषांनी स्वयंपाकघरात मदत करावी अशी मागणी आपल्याकडे वारंवार होते; तिची दिशा बहुधा अशी नसावी. माझ्या पहिल्या घासाची तार वाटीपासून मिशीपर्यंत आली आणि तिथेच राहिली. चव वाईट नव्हती. गरम भात, मोहरीचा झणका, दाण्यांचा खमंगपणा. वास मात्र पावसाळी बुटांच्या कपाटाचा.

आमच्या हिचं मत स्पष्ट होतं. “याला फोडणी पाहिजे.” एके दिवशी सकाळी हिने तेल तापवलं, लसूण टाकला, ठाण्याहून नेलेला खडा हिंग कुटून टाकला आणि त्यात नात्तो लोटला. दोन मिनिटांत दार वाजलं. घरमालकीणबाई बाहेर उभ्या. चेहऱ्यावर अतोनात सौजन्य. मुलीने भाषांतर केलं, “त्या विचारतायत, आपल्याकडे गॅस गळतोय का?”

ज्या बाईंनी मला बुटांचं कपाट भाताबरोबर खायला शिकवलं, त्यांना आमच्या हिंगाचा वास सोसवेना! मी थोडा दुखावलो. हिंग आपण नैवेद्याच्या वरणात घालतो, ताकाला लावतो, तान्ह्या मुलाच्या बेंबीभोवती चोळतो. पण समजावून सांगायला गेलो तेव्हा शब्द अडखळू लागले. हिंग म्हणजे एका झाडाच्या मुळाला चीर देऊन काढलेला चीक. तो अफगाणिस्तान, इराणकडून येतो. भारतात त्याच्या लागवडीचा प्रयत्न 2020मध्ये हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात सुरू झाला. म्हणजे ज्याच्याशिवाय आमची आमटी होत नाही, ते आम्ही कधी पिकवलेलंच नव्हतं. आणि वास कशाचा? पुन्हा गंधकाचीच संयुगं. सिंगापूरला ज्यांच्यापुढे मी नाक धरलं होतं, त्यांचे हे सख्खे भाऊ.

बाई ओट्याशी आल्या. गोड्या मसाल्याची तयारी मांडलेली होती. त्यांनी दगडफुलाची करडी पापडी उचलली आणि हे काय म्हणून विचारलं. आता आली का पंचाईत! दगडफूल हे फूल नाही आणि दगडही नाही. ती बुरशी आणि शेवाळ यांची भागीदारी, झाडाच्या सालीवर नाहीतर खडकावर वाढलेली. आपण ती तेलात तळून, कुटून भरल्या वांग्यात घालतो आणि वर ‘घरचा मसाला’ म्हणून मिरवतो. मुलीने धीर करून सांगून टाकलं. बाईंचा चेहरा उजळला. “इवाताके!” त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे डोंगरकड्यांवर असंच एक दगडफूल उगवतं, माणसं दोराला लोंबकळून ते काढतात आणि त्याची भजी करतात. त्यांनी पापडी हुंगली, थोडी चघळली, आणि हिंगाची डबी मात्र हळूच लांब सारली. मला आत्याची आठवण झाली. अशा बायकांना परका पदार्थ दिसला की त्या आपल्या नात्यागोत्यात त्याचा कुणी भाऊबंद शोधतात, आणि सापडला की संपलं. वाचणारी माणसं तेवढ्यात विश्वकोश उघडून बसतात.

स्वीडनमध्ये माल्मो शहरात 2018 साली किळसवाण्या पदार्थांचं संग्रहालय उघडलं. तिकीट म्हणून ओकारीची पिशवी देतात. किळस शिकवलेली असते हेच दाखवायचा उद्देश आहे म्हणतात. असेल. पण कुणाच्या तरी आजीचा पदार्थ काचेआड ठेवून शेजारी पिशवी वाटणं मला प्रशस्त वाटत नाही. उद्या तिथे आपला खरवस ठेवला तर पाटीवर काय लिहितील? व्यायलेल्या गाईचा पहिला चीक, वासरासाठीचा, उकडून, गूळ-वेलची घालून. पर्यटक पिशवी उघडतील. एक आइसलँडचा माणूस तेवढा उघडणार नाही, कारण त्यांच्याकडेही खरवस होतो. त्याला ‘आब्रिस्तिर’ म्हणतात आणि वर दालचिनी-साखर पेरतात. त्याच देशात ग्रीनलँड शार्कही खातात. हा मासा ताजा खाल्ला तर विषारी, म्हणून आधी कित्येक आठवडे कुजवायचा, मग काही महिने टांगून वाळवायचा. वासाला अमोनिया. सुकट भाजताना अख्ख्या इमारतीच्या खिडक्या बंद होताना ज्याने पाहिल्या आहेत, त्याने यावर बोलू नये.

लाल मुंग्यांच्या चटणीबद्दलही मी बोलणार नाही. ओडिशातल्या सिमिलिपालच्या ‘काई’ चटणीला 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आपल्या गडचिरोलीतल्या माडिया घरांतही मुंग्यांची चटणी होते. आंबटपणा फॉर्मिक आम्लाचा. चिंच परवडली असं ज्याला वाटतं त्याने चिंच खावी.

सगळंच खावं असं मात्र माझं म्हणणं नाही. सार्डिनिया बेटावर ‘कासू मार्झू’ नावाचं चीज असतं, त्यात अळ्या जिवंत असतात आणि उड्या मारतात. मला त्याचं आमंत्रण आलेलं नाही आणि आलं तर मी आत्याला पाठवीन. तिच्या ‘ताज्या’च्या व्याख्येत ते बसेल.

आणि आता वेजेमाइट. हे ऑस्ट्रेलियाचं, बियर गाळून उरलेल्या यीस्टचं काळं, खारट लेपन. 1923पासून तिकडची पोरं पावावर लोणी लावून त्यावर हे अगदी पातळ फिरवून खातात. मेलबर्नच्या भाचीने मोठ्या हौसेने बाटली आणली. आमच्या शेजारच्या काकांनी ते जॅम समजून जाड थर लावला, एक घास घेतला आणि तेव्हापासून ते आमच्याकडे फक्त पाणी पितात. आत्यालासुद्धा यात कुणाचा भाऊबंद सापडला नाही. तिने झाकण लावलं आणि म्हणाली, “ह्या बूट पॉलिश बरा.”

तेव्हा माझा निकाल असा. ड्यूरियन कुणी आणला तर मी येईन. नात्तो फोडणीसकट खाईन. आणि वेजेमाइटची बाटली आमच्या फ्रिजच्या दारात आहे, जवळजवळ भरलेली, मुदत अजून बाकी आहे. ठाण्याच्या आसपास कुणाला हवी असेल तर जरूर येऊन घेऊन जा. पैसे नकोत.