सुकवणेकाका

वरळीच्या बीडीडी चाळीत कुणाचा फोन पाण्यात पडला की पहिली हाक देवाला जायची आणि दुसरी सुकवणेकाकांना. बहुतेक वेळा काका आधी पोचायचे. हे त्यांचं आडनाव नव्हे, चाळीतल्या पोरांनी बहाल केलेली पदवी. खरं आडनाव पोस्टमनला माहीत असेल. काका बेस्टच्या वीज विभागातून मीटर रीडर म्हणून निवृत्त झाले. उभ्या नोकरीत त्यांनी हजारो मीटर वाचले, उघडला एकही नाही. तरी 'लाइटीतला माणूस' हा शिक्का एकदा बसला, मग मिक्सरपासून मोबाइलपर्यंत सगळं त्यांच्याकडेच येऊ लागलं.

त्यात आमच्या चाळींची रचनाच काकांच्या सोयीची. १९२०च्या दशकात बांधल्या तेव्हा मोबाइलचा विचार कुणी केला असणार? एका मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सगळ्यांना मिळून. १६० फुटांत पिंप, बादल्या, कळशा आणि सहा माणसं मावली की फोनला जमीन उरतेच कुठे? शर्टाच्या वरच्या खिशात फोन ठेवून पिंपात तांब्या बुडवायला वाकणारा पुरुष हा काकांचा हुकमी पेशंट. बायका त्या मानाने सावध. त्यांचा फोन कणकेनं माखतो, पाण्यात क्वचित जातो.

काका आले की आधी जबानी घ्यायचे. "गोडं की खारं?" पिंपातलं म्हणजे गोडं, सी फेसवरचं म्हणजे खारं. "साबण होता का?" "किती वेळ आत होता?" "पडला तेव्हा चालू होता?" मग चेहरा गंभीर करून, "कुणी चालू करून बघितला का?" बघितलेला असायचाच. पाण्यातून काढलेला फोन चालू करून न बघणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचाय. एकदा एकानं संडासात पडलेला फोन नेमका कुठे आहे ते कळावं म्हणून दुसऱ्या फोनवरून रिंग दिली होती. काका तेव्हा जे बोलले ते इथे छापता येणार नाही.

संडासातल्या केसमध्ये काकांचा शिरस्ता ठरलेला. ते दाराबाहेर उभे राहून दिग्दर्शन करायचे. "हात घालायचं काम घरच्यांचं. बाहेर आला की पुढचं माझं." मागे रांग लागलेली, आत मालक कोपरापर्यंत हात घालून बसलेला आणि बाहेरून काकांचा आवाज : "आधी बंद करा! बंद करा आधी!"

हे 'आधी बंद करा' मात्र शंभर टक्के बरोबर, हे काकांच्या वैऱ्यांनाही मान्य करावं लागेल. फोनचा जीव नुसत्या पाण्यानं जात नाही. त्या पाण्यातल्या क्षारांतून वीज भलतीकडे धावते, बोर्डावर गंज धरतो, शॉर्ट होतो, त्यानं जातो. म्हणून बंद करायचा, सिम काढायचं, चार्जरला अजिबात लावायचा नाही. काका सिमचा ट्रे काकूंच्या सेफ्टी पिनेनं उघडत. नोकियाच्या जमान्यात त्यांचा थाट आणखी होता. झाकण वेगळं, बॅटरी वेगळी, सगळं वर्तमानपत्रावर मांडून ठेवायचे आणि पोरांना हात लावू द्यायचे नाहीत. "आता पोटच उघडत नाही यांचं," हे नव्या फोनांबद्दलचं त्यांचं कायमचं गाऱ्हाणं.

यानंतर मात्र शास्त्र संपून तांदूळ सुरू व्हायचा. काकांचा तांदळावर विश्वास, तोही जुन्या कोलमवर. बासमती 'नुसता वासाचा', उकडा 'आधीच पाणी प्यायलेला', रेशनचा 'नाइलाज असेल तर'. फोन डब्यात पुरायचा, वर झाकण, दोन दिवस उघडायचं नाही. खरं म्हणजे तांदळात स्वतःचाच ओलावा असतो. तो फोनमधलं पाणी काय ओढणार? उलट त्याची पूड चार्जिंगच्या भोकात बसते. आयफोनवाल्या कंपनीनंही फोन तांदळात ठेवू नका, असं स्वच्छ सांगितलं आहे. पंख्याखाली उघडा ठेवला तरी फोन तितकाच सुकतो. पण मालकाला दोन दिवस फोनपासून लांब ठेवायला पंख्याचा काय उपयोग? डब्याला झाकण असतं आणि झाकणावर काकांचा धाक असतो. गुण आला तो त्या पथ्याचा, नाव झालं कोलमचं.

काकूंचा तांदळावरचा राग वेगळ्या कारणानं. संडासातल्या केसनंतर त्यांनी फोनचा डबा निराळा केला. पुढे चिपळूणहून आलेल्या मावशींनी नेमका तोच डबा काढून खिचडी टाकली. ती सगळ्यांनी खाल्ली, वर मोकळी झाली म्हणून वाखाणलीही. त्या तांदळानं पाणी ओढलं नव्हतं याचा याहून भक्कम पुरावा नसेल, पण काकांसमोर तो मांडायची माझी हिंमत झाली नाही.

फोन जगला तर तांदळानं, मेला तर "तुम्ही उशीर केलात." एवढ्यावर काकांची प्रॅक्टिस वर्षानुवर्षं बिनतक्रार चालली. जांबोरी मैदानावर दहीहंडी असली की त्यांचा सीझन. गोविंदा खाली यायच्या आत फोन वर यायचे. २०२५च्या मे महिन्यातच पाऊस कोसळला आणि नुकतंच सुरू झालेलं आचार्य अत्रे चौकाचं मेट्रो स्टेशन पाण्यात गेलं, तेव्हा "काका, तांदूळ किती पोती लागेल?" म्हणून पोरांनी त्यांना घेरलं. काका चिडले नाहीत. "आधी बंद केली ना गाडी? मग बरोबर केलं," एवढंच म्हणाले.

छत्तीसगडच्या कांकेर जिल्ह्यातल्या त्या अधिकाऱ्याची बातमी काकांनी कात्रण काढून ठेवली होती. मे २०२३मध्ये सेल्फी काढताना त्याचा फोन परळकोट जलाशयात पडला. त्यानं डिझेल पंप लावून काही दिवस लाखो लिटर पाणी उपसलं. फोन सापडला पण चालला नाही, आणि साहेब निलंबित झाले. चाळ हसली. काका हळहळले : "धरणातलं पाणी काढलं रे त्यानं. फोनमधलं कोण काढणार?"

एकदाच काका अस्सल वैद्यासारखे वागले आणि तेव्हाच त्यांचं कुणी ऐकलं नाही. कोळीवाड्यातला एक पोरगा भरतीत भिजलेला फोन घेऊन आला. काका म्हणाले, "बंद केलास? आता नळाखाली धर." समुद्राच्या लिटरभर पाण्यात पस्तीसेक ग्रॅम मीठ असतं. पाणी उडून जातं, मीठ आत राहून बोर्ड खातं. म्हणून खारं आधी गोड्यानं धुवायचं, मग सुकवायचं. काही कंपन्याही हेच सांगतात. पण पाण्यातून वाचवून आणलेला फोन पुन्हा पाण्यात घालायचा? पोरगा काकांकडे वेड्याकडे बघावं तसा बघत निघून गेला आणि घरी जाऊन त्यानं फोन तांदळात ठेवला. मेला. काकांनी पोसलेल्या तांदळानंच काकांचा पराभव केला.

ऑगस्ट २०२५मध्ये पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या, त्यांत काका होते. चाळीस मजली इमारत, लिफ्ट, घरात स्वतःचा संडास. काकू खूष. काकांचा धंदा मात्र बसला. दारं बंद, त्यामुळे कुणाचा फोन कुठे पडला ते कळतच नाही. आणि नवे फोन पाण्याला दाद देत नाहीत. परवा शेजारच्या कॉलेजकन्येचा फोन बादलीत पडला तेव्हा काका योगायोगानं दारातच होते. धावत आत गेले. तिनं फोन काढला, ओढणीला पुसला आणि बोलणं तसंच पुढे चालू ठेवलं. "अगं, निदान बंद तरी कर!" काका कळवळले. ती फोनमध्ये म्हणाली, "काही नाही गं, शेजारचे काका."

हल्ली पावसाळ्यात पेपर आला की काका आधी भरतीची वेळ बघतात. साडेचार मीटरच्या वरची असली की छत्री घेऊन सी फेसवर हजर. नवे फोन गोड्या पाण्याला भीत नसतील, खाऱ्याची हमी कुणी देत नाही, हे त्यांनी वाचून ठेवलंय. खिशात सेफ्टी पिन, पिशवीत बिसलेरीची बाटली. कठड्याला टेकून हात लांब करणाऱ्या पोरांकडे ते तासन् तास बघत उभे असतात. मागच्या मोठ्या भरतीला एक जोडपं अगदी कडेला गेलं, लाट उसळताना दिसली आणि काका जिवाच्या आकांतानं ओरडले :

"अरे, आधी फोन बंद करा, मग काढा सेल्फी!"