बॅटरीबदलू

विजेवरच्या दुचाकीची मूळ बॅटरी थकल्यावर कंपनीची नवी न घेता बाजारातून बिनछापाची आणून ती स्वतःच्या देखरेखीखाली बसवून घेणारा गृहस्थ म्हणजे बॅटरीबदलू. हा बहुधा पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असतो, नोकरी तांत्रिक असतेच असे नाही, पण घरातला मिक्सर त्याने एकदा तरी उघडलेला असतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत तो आढळतो. पुण्यात त्याची घनता जास्त आहे, कारण तिथे दुचाकी जास्त आणि कंपनीवर विश्वास कमी. स्त्रिया या प्रकारात जवळजवळ सापडत नाहीत. बॅटरी थकली तर त्या कंपनीचे पैसे भरून मोकळ्या होतात आणि त्यानंतर त्या विषयावर कोणाशी बोलत नाहीत.

त्याची गाडी सहसा कमी वेगाच्या वर्गातली असते. मोटर २५० वॉटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर अशा गाडीला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही. आरटीओचे तोंड पाहावे लागणार नाही, या एका आनंदापोटी ती घेतलेली असते. सीटखाली किंवा पायाखालच्या पेटीत १२ व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात. चौघींचे मिळून ४८ व्होल्ट होतात आणि वजन सिमेंटच्या अर्ध्या गोणीला भारी पडते. रोज तळापर्यंत वापरल्या, की दीड-दोन वर्षांत त्यांचा जीव जातो. सपाट रस्त्यावर हे कळत नाही. चढावर मोटर जास्त करंट मागते, थकलेल्या बॅटरीचा व्होल्टेज तिथे धपकन खाली येतो आणि पुण्यातल्या चांदणी चौकाच्या चढाला गाडी सायकलवाल्याच्या मागे राहते. सायकलवाला वळून पाहतो. बॅटरीबदलूचा जन्म त्या क्षणी होतो, असे मानायला हरकत नाही.

पहिली पायरी म्हणून तो सर्व्हिस सेंटरला जातो. काउंटरवरचा मुलगा संगणकात पाहून एक आकडा सांगतो आणि वर सांगतो, ‘काका, बाहेरची टाकलीत तर वॉरंटी जाईल.’ गाडीची वॉरंटी आधीच संपलेली असते. तरीही काकांना लागतो तो आकडा नव्हे, ते वाक्य लागते. याच्या स्वभावाची किल्ली इथे आहे. पैसे वाचवणे हे त्याने जगाला दिलेले कारण. खरे कारण असे, की आपल्याच सीटखाली एक सीलबंद खोका आहे आणि त्यात काय चालले आहे हे आपल्याला विचारायची सोय नाही, ही गोष्ट त्याला झोपू देत नाही. कंपनीने तीच बॅटरी फुकट दिली, पण पेटीवरचे सील उघडू नका असे बजावले, तर तो ती आनंदाने घेईल आणि रात्री सील उघडेल.

यानंतर अभ्यासाचा काळ येतो. तो साधारण महिनाभर चालतो आणि घरच्यांना तो बॅटरीच्या किमतीपेक्षा महाग पडतो. गृहस्थ ‘बॅटरी’ म्हणायचे सोडतो. ‘पॅक’ म्हणू लागतो. जेवताना तो सांगतो, की लिथियममध्ये दोन घराणी आहेत. एनएमसीचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर जातो, असे तेरा सेल ओळीने लावले की ५४.६ होतात. एलएफपीचा सेल ३.६५ वर थांबतो, ते सोळा लावायचे, म्हणजे ५८.४. दोन्हींना बाजारात ‘अठ्ठेचाळीस व्होल्ट’च म्हणतात. एनएमसी हलकी आणि आटोपशीर, एलएफपी जड पण तापट नाही आणि टिकायला चिवट. ही सर्व माहिती बरोबर असते, हे नमूद केले पाहिजे. बॅटरीबदलू अडाणी नसतो. त्याचा दोष एवढाच, की आमटी वाढणाऱ्या पत्नीला सेलचा अंतर्गत रोध जाणून घ्यायचा असेल, असे त्याला मनापासून वाटते.

खरेदीसाठी तो तापकीर गल्ली, नाना पेठ अशी प्रदक्षिणा घालतो. मुंबईकर असेल तर लॅमिंग्टन रोड. प्रत्येक दुकानात माल ‘ए ग्रेड’ असतो. बी ग्रेडचा माल विकणारा दुकानदार आजवर कोणाला भेटलेला नाही, मात्र शेजारचा तोच विकतो असे प्रत्येक जण सांगतो. काही खोक्यांवर ‘ग्राफीन’ असे झळकत्या अक्षरांत लिहिलेले असते. आत बहुधा जुनीच लेड-ॲसिड नव्या नावाने बसलेली असते. वेष्टनावरच्या आकड्यांचीही अशीच मौज. १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा जो सेल बॅटऱ्यांत सर्रास वापरतात, त्यात चांगल्या कारखान्यातून तीन-साडेतीन हजार मिलिॲम्पिअर-तासांच्या आसपास विद्युतभार मावतो. दुकानात त्याच मापाच्या सेलवर ९९०० छापलेले मिळते. लिहायला शाईच लागते.

या ठिकाणी आपल्या गृहस्थाची बुद्धी खरोखर चमकते. तो पॅक तोलतो. ४८ व्होल्ट ३० ॲम्पिअर-तासांचा एनएमसी पॅक अडीच हजार मिलिॲम्पिअर-तासांच्या सेलांतून बांधायचा, तर एका ओळीत तेरा अशा बारा ओळी, म्हणजे १५६ सेल लागतात. सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या पुढेच भरतो. म्हणजे नुसते सेलच सात किलोंचे झाले, वर पेटी, तारा आणि निकेलच्या पट्ट्या. दुकानदाराने पुढे केलेला पॅक साडेचार किलोंचा भरला, तर उरलेले ॲम्पिअर कागदावरच आहेत. ही परीक्षा करण्यासाठी तो शेजारच्या रद्दीवाल्याचा काटा मागून घेतो. दुकानदार म्हणतो, ‘काका, बॅटरी घेताय का बटाटे?’ काका उत्तर देत नाहीत. ते पुढच्या दुकानात जातात. चार दुकाने फिरून शेवटी एक सज्जन निघतो, जो पॅकचे झाकण उघडून दाखवतो. त्याच्याकडेच खरेदी होते. उघडून दाखवणे हाच खरा सौदा असतो.

बसवण्याचा सोहळा रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पार पडतो. मदतीला कोपऱ्यावरचा मेकॅनिक असतो. त्याला काम येत असते आणि बॅटरीबदलूला त्याचे स्पष्टीकरण येत असते, त्यामुळे काम दुप्पट वेळ चालते. नवा पॅक जुन्या जागेत कधीही बसत नाही. ही त्याची सार्वत्रिक खूण आहे. चार लेड बॅटऱ्या काढल्यावर पोकळी केवढी तरी मोठी दिसते, पण नव्या पॅकची उंची नेमकी सीटच्या लॉकला अडते. मग पॅक आडवा होतो, आडवा केल्यावर खडखडतो, आणि त्या खडखडाटावर थर्माकोल, सायकलची ट्यूब आणि केबल टाय यांचा इलाज होतो. थर्माकोलने पॅकची हवा कोंडते, हे मेकॅनिक सांगतो. चार दिवसांनी काका तेच स्वतःच्या शोधासारखे सांगून थर्माकोल काढतात.

कनेक्टरही जुळत नाही. तो कापून नवा लावायचा असतो. लाल तार लालला आणि काळी काळीला, एवढे लहान मुलालाही कळते, पण काही गाड्यांत दोन्ही तारा काळ्या निघतात आणि मग मल्टिमीटर बाहेर येतो. पहिल्यांदा जोडणी करताना टोकाला ‘चट्’ करून निळी ठिणगी उडते. प्रेक्षक दोन पावले मागे सरतात. कंट्रोलरमधले रिकामे कपॅसिटर एकदम भरतात म्हणून ती उडते. ‘नॉर्मल आहे,’ असे काका सांगतात. त्या दिवशी ते हे वाक्य बऱ्याच गोष्टींबद्दल म्हणतात. ठिणगीच्या बाबतीत ते खरे असते.

गाडी सुरू होते. चढावर ती पूर्वी कधी चढली नव्हती तशी चढते, आणि लेडचे ओझे गेल्यामुळे वळणावरही हलकी वाटते. हा आनंद खोटा नाही. पण डिस्प्लेवरचा बॅटरीचा काटा आता कामातून गेलेला असतो. तो काटा व्होल्टेज पाहून बोलतो आणि त्याला शिकवण लेड-ॲसिडची मिळालेली असते: एक्कावन्नच्या आसपास म्हणजे भरलेली, सत्तेचाळीसकडे आली म्हणजे घराकडे वळा. सोळा सेलांची एलएफपी भरलेली असो वा शेवटच्या पंचमांशावर आलेली असो, तिचा व्होल्टेज बावन्न-त्रेपन्नच्या आसपासच रेंगाळतो. म्हणून काटा दिवसभर ‘फुल’ दाखवतो, आणि मग दवाखान्यात न्यायची वेळ येईपर्यंत ‘मला काही झालेलं नाही’ म्हणणाऱ्या घरच्या आजोबांसारखा, एका चौकात आडवा होतो. बीएमएस, म्हणजे सेलांची निगराणी करणारी पट्टी, पुरवठा तोडते. गाडी बंद. यावर उपाय म्हणून हँडलला एक छोटा मीटर लागतो, जो किती ॲम्पिअर-तास खर्ची पडले ते मोजतो. मग आरशाशेजारी दोन काटे नांदतात, एक खोटा आणि एक खरा. कोणता कोणता, ते फक्त मालकाला ठाऊक असते.

ज्यांची मूळ गाडीच लिथियमची आणि नव्या बनावटीची असते, त्यांची वाट याहून बिकट. तिथे बॅटरीतली बीएमएस कंट्रोलरशी तारेवरून संवाद साधते आणि ओळख पटल्याशिवाय गाडी हलत नाही. बाहेरचा पॅक लावला, की डिस्प्लेवर एरर कोड येतो. या उपप्रकारातले लोक शेवटी कंट्रोलर बदलतात, मग डिस्प्ले, मग थ्रॉटल. शेवटी मूळ गाडीतले चाक, सीट आणि हप्ते तेवढे उरतात.

चार्जरवरून या जमातीत सरळ दोन फळ्या पडतात. सावध फळी पॅकच्या घराण्याला जुळणारा नवा चार्जर घेते, गाडी गार झाल्यावर तो लावते आणि जागेपणी लावते. दुसरी फळी म्हणते, जुनाच चालतोय की. लेड-ॲसिडचा ४८ व्होल्टचा चार्जर अठ्ठावन्न-एकोणसाठपर्यंत जातो, ५४.६ वर थांबायला हव्या असलेल्या एनएमसी पॅकला तो लावला, की सेल आणि आग यांच्यामध्ये फक्त ती स्वस्तातली बीएमएस उभी राहते. हे विनोदाचे प्रकरण नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली एक ई-स्कूटर पेटल्याची चित्रफीत देशभर फिरली होती, आणि ती बाहेरचा पॅक लावलेली जुनी गाडी नव्हती. त्या उन्हाळ्यातल्या आगींनंतर एआयएस-१५६ हे बॅटरीसुरक्षेचे मानक कडक झाले आणि १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. पाणी आत शिरू नये, एका सेलची आग सगळ्या पॅकभर पसरू नये, तापमानावर लक्ष असावे, धोका दिसला तर चालकाला इशारा मिळावा, अशा त्यातल्या अपेक्षा आहेत. बिनछापाच्या पॅकने यातली कुठलीच परीक्षा दिलेली नसते.

अशा परीक्षा घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. तिच्यामुळे टेकडीला लोक एआरएआय टेकडीच म्हणतात. कोथरूडचा बॅटरीबदलू रोज सकाळी त्याच टेकडीवर फिरायला जातो आणि संस्थेच्या कुंपणाजवळून जाताना सोबत्यांना सांगतो, ‘सर्टिफिकेट म्हणजे नुसता कागद हो.’ खाली आल्यावर मात्र तो पार्किंगमध्ये वाकून पॅकला हात लावून पाहतो, गरम तर नाही ना. सोसायटीच्या समितीने त्याला चार्जिंगसाठी भिंतीपासून दूरची जागा आणि वाळूची एक बादली नेमून दिलेली असते. लिथियमच्या आगीला वाळू फारशी पुरत नाही, हेही त्याने समितीला लेखी कळवलेले असते.

हिशेबाची वही हा त्याचा दुखरा भाग. पॅक कंपनीच्या निम्म्या किमतीत आला, हे तो सर्वांना सांगतो आणि ते खरेच असते. त्यानंतर चार्जर, मीटर, कनेक्टर, क्लॅम्पमीटर, एमसीबी, पत्र्याची पेटी, मेकॅनिकचे दोन रविवार आणि पत्नीच्या आग्रहावरून घेतलेले अग्निशामक नळकांडे या नोंदी वहीच्या दुसऱ्या पानावर असतात. बेरीज पानापानाची वेगवेगळी केली जाते.

नातेसंबंधांवर होणारा परिणाम संमिश्र आहे. गाडी आता त्याच्याशिवाय कोणालाच सुरू करता येत नाही: आधी सीट उचलून एमसीबी वर, मग तीनपर्यंत मोजायचे, मग चावी, आणि खरा काटा शून्यावर असेल तर बटन दाबून त्याला जागे करायचे. ही कृती लिहिलेला कागद सीटखाली चिकटवलेला असतो. मुलगा तो वाचतो आणि बसने कॉलेजला जातो. उलट सोसायटीतल्या इतर दुचाकीवाल्यांत गृहस्थाचा मान वाढतो. कोणाचीही गाडी चढावर अडखळली, की त्याला फोन येतो, आणि तो पायजम्यावर, मल्टिमीटर घेऊन खाली उतरतो.

जुन्या बॅटऱ्यांची विल्हेवाट सोपी असते. शिशाला भाव आहे; भंगारवाला वजन करून लेड-ॲसिड हसत नेतो. नव्या पॅकची पाळी तीन-चार वर्षांनी येते, तेव्हा तोच भंगारवाला हात मागे घेतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. या पॅकवर उत्पादकाचे नाव नसते. ‘हाय पॉवर’ एवढेच लिहिलेले असते, आणि झाकण उघडून दाखवणाऱ्या त्या सज्जनाच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरे मिळतात. तेव्हा बॅटरीबदलू पॅक पुन्हा उघडतो, मेलेले सेल वेगळे काढून पुनर्प्रक्रिया करणाऱ्याचा पत्ता शोधू लागतो आणि जिवंत सेलांचा छोटा पॅक बांधून घेतो. त्यावर घरचा वायफाय चालतो, आणि गणपतीत वीज गेली तरी सोसायटीच्या मंडपातला माइक बंद पडत नाही. आरतीनंतर त्याच माइकवरून काका दोन मिनिटे बॅटरीविषयी बोलतात.