चारशे मिली जास्त

गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं, फिल्टरसह 3.1 लिटर. दुकानात डबा मिळाला 3.5 लिटरचा. मधल्या 400 मिलीचं काय करायचं, हा प्रश्न नानांना पडलाच नाही. पैसे अख्ख्या डब्याचे मोजले होते. गॅरेजमधला पोरगा डबा बाजूला ठेवायला लागला तेव्हा नाना म्हणाले, ‘‘ठेवतोस कुणासाठी? ओत सगळं. उद्या घाट चढायचाय.’’ पोराने ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना, माई, माईंचे साताऱ्याचे धाकटे भाऊ आणि त्यांचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा असे चौघे पुण्याहून महाबळेश्वरला निघाले. डिकीत चिवडा, लाडू, दोन छत्र्या आणि माईंच्या मते तिथे मिळणार नाही असं बरंच काही. बॉनेटखाली साडेतीन लिटर.

खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडल्यावर चहाला थांबले. मेव्हण्यांना दुसऱ्याची गाडी तपासायची हौस. त्यांनी इंजिन बंद होताच बॉनेट उघडलं, डिपस्टिक ओढली, नानांच्या नव्या नॅपकिनला पुसली, परत बुडवून पाहिली. ‘‘एकदम बरोब्बर, दाजी. वरच्या खुणेला टेकलंय.’’ नानांनी या आनंदात सगळ्यांना दुसरा चहा पाजला.

शिरवळला मिसळ खायला अर्धा तास गेला. निघताना मेव्हण्यांनी सवयीने पुन्हा पट्टी काढली आणि त्यांचा चेहरा पडला. ऑइल वरच्या खुणेच्या जवळजवळ सेंटीमीटरभर वर होतं.

‘‘दाजी, ऑइल वाढलं!’’

वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये ऑइल वाढणारी गाडी असती तर नानांनी ती विकली नसती, पंपच काढला असता. वाढलं काहीच नव्हतं. इंजिन चालू असताना ऑइलचा मोठा वाटा वर असतो, नळ्यांमध्ये, फिल्टरमध्ये, हेडमध्ये. गाडी बंद केल्यावर ते निथळून खाली चेंबरमध्ये यायला पाच-दहा मिनिटं लागतात. खेड शिवापूरला मेव्हण्यांनी त्याला खाली यायला वेळच दिला नव्हता. मिसळीने दिला. पेट्रोलच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये सुमारे लिटरभराचा फरक असतो आणि नानांच्या पट्टीवर त्या दोन खुणा इंचभर अंतरावर होत्या. सेंटीमीटर म्हणजे चारशे मिली. हिशेब अगदी चोख जुळला.

आता भाच्याने मोबाइल काढला. खंबाटकी घाट सुरू होईपर्यंत त्याने आत्याला सांगितलं होतं की सील फुटतात, पंप बसतो, निळा धूर येतो आणि इंजिन पिसाळतं. माईंनी खिडकी उघडली आणि स्तोत्र म्हणायला घेतलं. नाना आवाज ऐकायचा म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये चढू लागले. मागे उसाच्या ट्रॅक्टरसकट सगळ्यांनी हॉर्न दिले. ते हॉर्न ऐकून मेव्हणे म्हणाले, ‘‘धूर दिसत असणार त्यांना.’’

भाच्याची यादी खोटी नव्हती, फक्त तिला माप नव्हतं. चेंबरच्या वर क्रँक फिरतो आणि त्याला जड वजनं असतात. 3000 आरपीएमला ती सेकंदाला 50 फेरे मारतात. ऑइल त्यांच्यापर्यंत पोचलं तर ताकात रवी घातल्यासारखा फेस होतो. पंप मग ऑइलबरोबर हवाही ओढतो, दाब पडतो, बेअरिंगला हवं तेवढं वंगण पोचत नाही. ऑइलचे थेंब वाफेबरोबर इनटेकमध्ये जाऊन जळतात, तोच निळा धूर, आणि तो बराच काळ चालला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. पण कंपन्या खूण आणि क्रँक यांच्यामध्ये थोडी जागा मोकळी सोडतात. शिवाय गाडी चालू झाली की पातळी आपोआप उतरते, कारण ऑइल वर गेलेलं असतं. म्हणून खुणेच्या वर दोनशे मिली असेल तर गाडी न्यावी आणि विषय बदलावा. चारशे-पाचशे असेल तर काढून टाकलेलं बरं. लिटरभर असेल तर चावीच फिरवू नये.

पिसाळण्याचा प्रकार डिझेलचा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबाने पेट होतो. त्यामुळे ते आपलंच जास्तीचं ऑइल ओढून जाळायला लागलं तर चावी काढूनही थांबत नाही, हवा बंद करावी लागते. ही वेळ क्वचितच येते, आणि बहुतेकदा टर्बो निकामी झाल्यावर. डिझेल गाडीत पातळी कधीकधी खरोखरच वाढते, हेही खरं. 2020 मध्ये बीएस-6 आल्यापासून धुराचा फिल्टर साफ करताना इंजिन जादा डिझेल फवारतं, त्यातलं थोडं चेंबरमध्ये उतरतं. माझदाच्या काही डिझेल गाड्यांच्या पट्टीवर तर मॅक्सच्याही वर फुलीची वेगळी खूण असते. तिथपर्यंत आलं की बदलाच. नानांची गाडी पेट्रोलची होती. हे भाच्याने सुरूर फाट्याला सांगितलं.

वाईत एका गॅरेजवाल्याने पट्टी पाहिली. ‘‘काका, नेली तरी चालंल. पण पसरणी घाट हाय, काढून टाकतो.’’ त्याने पट्टीच्या भोकात सलाइनची नळी सोडली, मोठ्या सिरिंजने ऑइल ओढलं आणि माईंच्या रिकाम्या पाण्याच्या बाटलीत भरलं. चारशे मिली, सोनेरी, कालचंच. ‘‘पन्नास द्या. आन् ह्ये ठेवा, लागलं तर घालाया.’’

या शेवटच्या वाक्याने घात केला. पसरणी घाटात मध्यावर नानांनी फोटोसाठी गाडी बाजूला घेतली, नाक चढाला. मेव्हण्यांनी पट्टी ओढली. जेमतेम टोक भिजलेलं! ‘‘दाजी, सगळं काढलं हो त्यानं. आणा ती बाटली.’’ चढावर ऑइल चेंबरच्या एका बाजूला जमतं, आणि या गाडीत पट्टी नेमकी दुसऱ्या बाजूला उतरत होती. हे कुणी सांगायच्या आत मेव्हण्यांनी ऑइलचं झाकण उघडलंसुद्धा. बाटली माईंच्या मांडीवर होती. माई म्हणाल्या, ‘‘पाचगणीला सपाटीवर गाडी उभी राहील, तू दहा मिनिटं गप्प बसशील, मग बघू.’’ ऑइलपेक्षा दुसरी अट अवघड होती. पण पाचगणीच्या पार्किंगमध्ये ती पाळली गेली आणि पट्टीने वरच्या खुणेच्या केसभर खालची पातळी दाखवली.

महाबळेश्वरला बाजारात मध, जॅम, चणे, चपला अशी रीतसर खरेदी झाली. हॉटेलच्या पोराने डिकी रिकामी केली आणि मधाच्या बाटल्यांसोबत तीही बाटली खोलीत नेऊन रांगेत मांडली. सकाळी नाश्त्याला मेव्हण्यांनी टोस्ट पुढे ओढला, झाकण फिरवलं, बाटली उजेडात धरून हलवली.

‘‘ताई, फसवलं तुला. मध पातळ आहे.’’

‘‘पातळच असणार,’’ माई चहा ओतत म्हणाल्या. ‘‘फाइव्ह डब्ल्यू थर्टी आहे तो.’’