आरमार आणि नळाचा वार

आमच्या भागात नळाचा वार असतो. तिथी, मुहूर्त, पाहुणे सगळे त्यानंतर. त्या वारी घरातलं प्रत्येक भांडं भरायचं आणि मग पुढचा वार येईपर्यंत त्या पाण्याकडे मुदत ठेवीसारखं बघायचं, मोडायचं नाही. अशा घरात मी युद्धनौका बांधायला घेतली. रिमोटवर चालणारी. खेळणं नव्हे, खेळणं दुकानात मिळतं, हा छळ स्वतःच्या हातानं करून घ्यावा लागतो.

छत्रपती संभाजीनगर आणि समुद्र म्हटलं की लोक हसतात. पण नातं अगदीच नाही असं नाही. खडकी, म्हणजे आजचं आमचं शहर, वसवणारा मलिक अंबर ज्या निजामशाहीचा वजीर, तिच्याच काळात सिद्दी जंजिऱ्यावर बसले. आणि आज शहराला ज्यांचं नाव आहे त्या संभाजी महाराजांनी तोच जंजिरा घेण्यासाठी १६८२च्या सुमारास समुद्रात दगडांचा सेतू टाकायला घेतला होता. हे मी मोठ्या उत्साहानं बायकोला सांगितलं.

"ते महाराज होते," ती म्हणाली, "आणि त्यांच्याकडे समुद्र होता."

मी 'आयएनएस विशाखापट्टणम' निवडली. माझगाव डॉकमध्ये बांधलेली, २०२१मध्ये नौदलात दाखल झालेली विनाशिका, लांबी १६३ मीटर. शंभरपट लहान केली असती तरी १६३ सेंटिमीटर झाली असती, आणि एवढ्या लांबीचा दिवाण घरात एकच, त्यावर आई झोपते. म्हणून दोनशेपट लहान. साडेएक्याऐंशी सेंटिमीटर.

इथे शाळेतला जुना वैरी भेटला, घनफळ. लांबी दोनशेपट कमी केली की वजन ऐंशी लाखपट कमी करावं लागतं, नाहीतर जहाज खऱ्याइतकं पाण्यात बसत नाही. ७,४०० टनांचे माझ्या वाट्याला आले ९२५ ग्रॅम. त्यात सनबोर्डचा सांगाडा, मोटर, बॅटरी, रिसीव्हर, सुकाणू वळवणारा सर्व्हो आणि जिथे जिथे माझा हात चुकला तिथे तिथे एम-सील. किलोभर साखरेपेक्षा कमी वजनात देशाचं संरक्षण! शिवाय जड ते तळाशी आणि हलकं ते वर असावं लागतं. मी रडारचा मनोरा हौसेनं पितळी पत्र्याचा केला, तेव्हा जहाज पाण्यात ठेवल्याठेवल्या कुशीवर झोपलं. आईसारखंच. ७६ मिलिमीटरच्या तोफेला इंजेक्शनची सुई चालली. ब्रह्मोस मात्र गुणाचं अस्त्र. ते डेकखाली उभ्या नळ्यांत असतं, वरून फक्त झाकणं दिसतात. झाकणं मी पेन्सिलीनं काढली.

पंख्याची दांडी जहाजाबाहेर निघते त्याच भोकातून पाणी आत यायला टपलेलं असतं, म्हणून तिथे पितळी नळी बसवून आत ग्रीस ठासतात. ती नळी आणायला शहागंजात गेलो. दुकानदारानं कशासाठी ते विचारलं, मी सांगितलं. तो गल्ल्यावरून उठून माझ्याकडे बघत राहिला.

"जहाज? कायकू मामू? पानी किधर है?"

पहिली चाचणी घरीच. वापरायच्या पाण्याच्या ड्रमात नौका फक्त उभी मावत होती, आणि उभ्यानं लढणारी युद्धनौका मी तरी ऐकलेली नाही. मग हौदाचं झाकण उघडून तिरपी आत सोडली. तरंगली! पाठोपाठ ग्रीसचा तवंगही तरंगला, इंद्रधनुष्याच्या सगळ्या रंगांत. नळाचा वार चार दिवसांवर होता. त्या चार दिवसांबद्दल मी लिहिणार नाही.

शेवटी जहाज मेहुण्याच्या शेततळ्यावर नेलं, फुलंब्रीकडे. पन्नी अंथरलेलं, काठोकाठ भरलेलं. आठ मिनिटं ते असं चाललं की मेहुण्याचा गडी औषधाचा पंप पाठीवर तसाच ठेवून बघत उभा राहिला. मग मी ऐट दाखवायला वेगात वळण घेतलं. जहाज कललं, आत पाणी गेलं, नाक खाली गेलं. रिमोटच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत. अँटेना बुडाली की जहाज कॅप्टनचं ऐकत नाही. माझ्या हातातला दिवा मात्र हिरवागार.

मी पँट वर खोचली, तसा मेहुण्यानं दंड धरला. "दाजी, पन्नीवरून घसरलेला माणूस वर येत नसतो. मोसंबीला पाणी सुटलं की तळं उतरेल, मग काढू."

नवव्या दिवशी रात्री दोनला फोन. शेतावरची लाइट तेव्हाच येते.

"दाजी, मोटार पाणी ओढेना म्हणून पाइपाच्या टोकाचा फुटबॉल वर काढला. तुमचं जहाज त्याला चिकटलंय. न्यायला या. आणि येताना फुटबॉल नवा आणा."